मातीचा बाहुला आणि कासीचा दात

४ जानेवारी

उद्यापासून दोन दिवस पीठ सोडून कशाला हात लागणार नाही, म्हणून आजच लिहून घेतो. तीन राजांच्या सणाचा रोस्का, म्हणजे आत बाहुला दडवलेला गोल गोड पाव, यंदा आत्लिस्को गावात कुणाच्या बेकरीचा गाजणार, तर आमच्या. आणि कुणाच्या डोक्यामुळे, तर माझ्या.

गेल्या वर्षी ताईने रोस्कात बाळ येशूचे प्लास्टिकचे बाहुले घातले होते. मी तेव्हा इथे नव्हतो, दोन रेगुलोच्या, म्हणजे रेगुलोशेठच्या, जत्रेत आकाशपाळणा फिरवत होतो. ते बाळ येशू भट्टीत असे काही वितळले, की गिऱ्हाइकांच्या तुकड्यात निघाला तो निळसर डिंक. मग भांडणं. ज्याला बाहुला मिळेल त्याने २ फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या सणाला, सगळ्यांना तमाल, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे उंडे, खिलवायचे. पण डिंक मिळालेला माणूस कशाला तमाल करतोय? तेव्हा मी परवा कुंभाराकडे गेलो आणि मातीचे, भाजलेले, बोटाच्या पेराएवढे बाहुले घेऊन आलो. (कुंभाराकडे तीन पायांचं कुत्रं आहे, शिट्टी मारली की उरलेल्या पायांवर नाचतं. मी तासभर तिथेच.)

"आणि कुणाचा दात मोडला म्हणजे?" ताई म्हणाली. नोएमीताईला चांगल्या गोष्टीत खडा शोधायची सवयच आहे.

"खिडकीत पाटी लावू, सावकाश चावा म्हणून."

दोन्या चेंचा, म्हणजे ताईच्या सासूबाई, बाहुला तळहातावर घेऊन म्हणाल्या, "आमच्या वेळी मातीचेच असायचे. सुरीला लागला की लगेच हाताला कळायचं." मग काय, भट्टी त्यांची, शब्द त्यांचा. पाटी मीच रंगवली.

मी ऑक्टोबरात इथे आठवड्यासाठी आलो होतो. भावजी उत्तरेत कामाला, ताईला हात कमी पडत होते. आता सण उरकला की निघायचं. जत्रा फेब्रुवारीत दक्षिणेला जाते, माझी जागा राखून ठेवली आहे.

६ जानेवारी

सगळे रोस्के दुपारीच संपले. पाटीचं लोकांनी कौतुक केलं. पण लिहायचं ते वेगळंच आहे.

संध्याकाळी घरचा रोस्का कापायला बसलो. ताई, दोन्या चेंचा, मी आणि माझ्या मांडीवर ताईची लेक कासी. तिला अजून दोन पूर्ण व्हायचेत, पण साखर कुठे आहे ते तिला बरोबर कळतं. आपला तुकडा आपणच कापायचा. मी कापला, काही नाही. ताईने कापला, काही नाही. दोन्या चेंचांनी सुरी घातली, जरा थांबल्या, मग तुकडा ताटलीत घेतला आणि अंगठ्याने वरून दाबून दाबून नीट केला. एरवी ही बाई ताटातला कण कुणाला देत नाही. आज काय प्रेम उफाळून आलं कोण जाणे, सगळा तुकडाच्या तुकडा कासीच्या ताटलीत सरकवला. "घे गं माझ्या राणी, तुला अंजीर आवडतं ना?" आणि ओठांवर बोट ठेवून, "श्श! मामाला सांगू नको, तो खाईल."

मी म्हटलं, "मी ऐकलं बरं का!" आणि सगळे हसलो.

आणि मग कट् असा आवाज.

कासी आधी रडलीच नाही. आमच्याकडे बघत बसली, आम्ही बघतोय म्हणून. मग ओठातून रक्त आलं आणि तिने जो सूर लावला, तो समोरच्या गल्लीतल्या कोंबड्यांनीही ऐकला. वरचा पुढचा दात, डावीकडचा, कोपरा गायब.

ताईने तिला उचलून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पाटी लावली होतीस ना," ती म्हणाली. "हिला वाचता येत नाही, गाढवा."

दोन्या चेंचा तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. नातीवर फार जीव आहे त्यांचा.

बाहुला टेबलाखाली सापडला. त्याला साधा ओरखडाही नाही. कुंभाराची भट्टी चांगली आहे, हे मानलं पाहिजे.

७ जानेवारी

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी उरलेला रोस्का चुरून मैद्याच्या चाळणीतून चाळला. जत्रेत एकाने सांगितलं होतं, दाताचा तुटलेला तुकडा दुधात ठेवला तर परत बसवता येतो. मला दोन तुकडे सापडले. दोन्ही दुधात टाकले. थोड्या वेळाने दोन्ही विरघळले. साखर होती.

दाताच्या डॉक्टर सुनिगा चौकापलीकडे बसतात. ताईने मला बरोबर घेतलं ते पिशवी धरायला. डॉक्टर म्हणाल्या, "आई, माझ्यासमोर बसा, गुडघ्याला गुडघा लावा." मग दोघींच्या मांड्यांची एक खाट झाली आणि तिच्यावर कासी उताणी, डोकं डॉक्टरांकडे, पाय आईच्या कमरेला. मी म्हटलं, हे बेस आहे, जत्रेत घोड्याचे दात बघायला आम्हाला पाच माणसं लागायची. कुणी हसलं नाही.

मुळापासून सांगतो काय ठरलं ते. ओठात तुकडा रुतलेला नाही, गिळला असेल, त्याने काही होत नाही. दात हलत नाही. टोकदार कड डॉक्टरांनी घासून गुळगुळीत केली आणि वर थोडा लेप लावला.

"दुधाचाच दात आहे, पडणारच आहे कधीतरी," मी धीर द्यायला म्हणालो.

"सहा-सात वर्षांची होईल तेव्हा पडेल," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर तिला खायचंय, बोलायचंय, हसायचंय. आतली नस मार खाऊन मेली तर हिरडीवर फोड येईल. मग दात काढावा लागेल. म्हणून रोज ब्रश करा, आणि रोज ओठ वर करून हिरडी बघा. महिन्याभराने परत या, मधे काही दिसलं तर लगेच या."

रस्त्यात ताई म्हणाली, "नेरेओ, तू तिच्यापासून लांब राहा. तिला उचलायचं नाही, खायला काही द्यायचं नाही."

"किती दिवस?"

"दात जगतोय की नाही ते कळेपर्यंत."

ठीक आहे. राहतो लांब.

९ जानेवारी

कासी तोंड उघडत नाही.

बाटलीचं दूध ओठांच्या फटीतून ओढते. पेज, केळं, बटाटा, काही नाही. ब्रश दिसला की ओठ आत ओढून घेते, दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखी. हिरडी बघणार कशी? ताईने आज बोटाने ओठ वर करायचा प्रयत्न केला. कासी तिला चावली. मला ती बातमी चांगली वाटली. चावता येतंय म्हणजे दात दुखत नसणार. ताईला तसं सांगितलं. तिने लाटणं उचललं.

दोन्या चेंचांनी दातांच्या संत अपोलोनियाला मेणबत्ती लावली आहे. देव्हाऱ्यापुढून हलत नाहीत. आज ताई मला परत मातीवरून बोलायला लागली, तर त्याच मधे पडल्या. "पोराला कशाला बोलतेस? त्याने बाहुला पावात घातला. मुलीच्या तोंडात नाही घातला."

मी म्हटलं, "बघ! म्हाताऱ्या माणसाला कळतं."

"तू गप्प बस रे," म्हातारी माझ्यावरच खेकसली. मग म्हणाली, "आणि तमाल मी करणार आहे. सगळ्या गल्लीला."

ताईच्या हातातून चमचा पडला. खरं तर बाहुला कासीच्या तुकड्यात निघाला, म्हणजे रीतीने तमाल ताईकडे लागतात, आणि ताई ते माझ्या माथी मारणार होती. ताई मागून मला सांगत होती, ती लग्न होऊन या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली, एकदाही सासूबाईंच्या तुकड्यात बाहुला निघाला नाही. एकदाही नाही! काही लोकांवर देवाची मेहेरनजर असते. आणि आता, काही देणं नसताना, स्वतःहून सगळ्या गल्लीला. वय झालं की माणूस मऊ होतो.

१३ जानेवारी

काल दोन गोयोने, म्हणजे आमच्या गोयोशेठ डोंगराने, धूर सोडला. ज्वालामुखीला असं शेठचं नाव दिल्यावर त्याला मस्ती येणारच. सकाळी सगळी छपरं राखेने राखाडी. पाव झाकून ठेवावे लागले. राखेतून चालत मी दुधाची बरणी आणली, मागे वळून पाहिलं तर माझ्याच पावलांची रांग दिसली. किती दिवसांनी स्वतःचा माग दिसला. साध्या रस्त्यावर माणसाला आपण कुठून आलो ते दिसत नाही. हे कशाला लिहिलं कुणास ठाऊक.

दोन रेगुलोचा निरोप आला: पाळण्याला माणूस पाहिजे, लवकर ये. मी कळवलं, दाताचा निकाल लागल्याशिवाय येत नाही. त्याने विचारलं, कुणाचा दात? मी म्हटलं, माझ्याच घरातला आहे.

कासी बारीक झाली आहे. ताई रात्रीची झोपत नाही हे तिच्या डोळ्यांवरून कळतं. मी लांबच असतो. कासी ताईच्या खांद्यावरून मला हात हलवते, ओठ मिटून.

१७ जानेवारी

जमलं! मला माहीत होतं, मला जमणार.

झालं असं. मी भट्टीपुढे होतो. ताईने कासीला पिठाच्या पोत्यावर बसवून ठेवलं होतं आणि ती गिऱ्हाइकाकडे गेली होती. माझ्यापासून बरंच लांब, त्यामुळे हुकूम मोडला नाही. मी भट्टीचं लोखंडी दार ओढलं. ते उघडताना कुरकुरतं, आऽऽ असा मोठा आवाज करतं. मी सवयीने भट्टीला म्हटलं, "आऽऽ कर म्हातारे, पाव काढू दे." आणि लांब दांड्याचं लाकडी फावडं आत घालून पाव बाहेर काढले.

मागून आवाज आला, "आऽऽ."

वळून बघतो तर कासीचं तोंड उघडं! दात, जीभ, पडजीभ, सगळं!

मी जागचा हललो नाही. दार लावलं. तिने तोंड मिटलं. दार उघडलं. "आऽऽ." तिने तोंड उघडलं. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही, पावाचे दोन घाणे करपले. ताई धावत आली ती करपल्याच्या वासावर.

"काय चाललंय?"

"ताई, ओरडू नको. हिचा ब्रश आण."

"तुला सांगितलं होतं ना..."

"मी इथेच उभा आहे. भट्टी उघडतो. तू फावडं घाल."

ताईला कळेना. मी दार ओढलं. आऽऽ. कासीने तोंड उघडलं. ताई माझ्याकडे बघत राहिली, मग धावली. पुढच्या वेळी दार उघडलं तेव्हा छोटं फावडं, म्हणजे ब्रश, आत गेलं, पाव काढले, हा मागचा पाव, हा पुढचा पाव, आणि ओठ वर करून हिरडीही बघून घेतली. गुलाबी. फोड नाही.

ताई जमिनीवर बसली आणि रडली. कासीने तिच्या तोंडापुढे फावडं धरलं. "आऽऽ."

जत्रेत मी दोन वर्षं होतो, पण असा खेळ कुणी केला नाही.

१८ जानेवारी

आज कासीने भट्टीत पाव घालण्याच्या खेळात भिजवलेल्या पावाचे तुकडे खाल्ले. नंतर केळं. ताई म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ ब्रशच्या वेळी भट्टीशी तूच थांब." मग जरा वेळाने, "उचललंस तरी चालेल."

मी उचललं. वजन पिठाच्या पोत्यापेक्षा कमी, पण हात जास्त भरून येतात.

दोन्या चेंचा दारातून बघत होत्या. मी म्हटलं, "बघितलंत? कोण आहे मी?" त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

२४ जानेवारी

दात काळवंडतोय. आधी मला वाटलं चॉकलेट असेल. पुसून बघितलं, नाही. आतून राखाडी आहे, राख पडलेल्या छपरासारखा. ताईला सांगावं की नाही यावर मी पावाचा सबंध एक घाणा होईस्तोवर विचार केला. मग सांगितलं. लपवून काय होतं?

तिघं मिळून डॉक्टरांकडे. म्हातारीही आली, जी दातासाठी आयुष्यात कधी डॉक्टरकडे गेलेली नाही. परत गुडघ्याला गुडघा. पण डॉक्टरांनी हात पुढे करताच कासीचे ओठ बंद. मग मी त्यांच्या खोलीचं दार धरून कुरकुरवलं. कुरकुरेना, नवीन आहे. म्हणून तोंडाने भट्टीचा आवाज काढला. आऽऽ. डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि म्हणाल्या, "मामा, तुम्ही रोज इथे कामाला येता का?"

रंगाचं त्या म्हणाल्या, "मार लागल्यावर असं होतं. कधी उतरतो, कधी राहतो. नुसत्या रंगावरून दात काढत नाही आम्ही. फोड नाही, सूज नाही, हलत नाही. सध्या चांगलं आहे. पण येत्या दिवसांत फोड आला तर काढावा लागेल, हे मनात ठेवा."

संध्याकाळी दोन्या चेंचा पीठ मळत होत्या आणि डोळ्यांतून धार. मी म्हटलं, "मिरच्या भाजल्यात का?" म्हणाल्या, "हो." मिरच्या काही दिसल्या नाहीत. आधीच भाजून ठेवल्या असतील.

३० जानेवारी

फोड नाही. रोज बघतो. काल नाही, परवा नाही, आज नाही. भट्टी आऽऽ करते आणि हिरडी गुलाबी असते. मला खात्री आहे, पण खात्री असली तरी दार ओढताना माझा हात जरा थांबतो. ताईच्या लक्षात आलं असावं. ती आधीच म्हणते, "गुलाबीच असेल."

कान्देलारियासाठी देव्हाऱ्यातल्या बाळ येशूला नवे कपडे शिवले. ज्याच्या तुकड्यात बाहुला, तो त्याचा धर्मपिता किंवा धर्ममाता. म्हणजे आमची धर्ममाता स्वतः लंगोटात आहे. तिने बाळ येशूच्या तोंडापुढे ब्रश धरून "आऽऽ" केलं. त्याने केलं नाही. ती त्याच्यावर रागावली.

दोन रेगुलो निघाला दक्षिणेला. म्हणे, वाटेत गाठ. बघू.

२ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहितो, कारण मधलं काही मला नीट कळलेलं नाही.

सकाळी डॉक्टरांकडे तपासणी होती, सण असूनही बोलावलं त्यांनी. फोटो काढला, हिरडी दाबून बघितली. "दात राहतोय," त्या म्हणाल्या. "धुरकट राहील कदाचित. असू दे. हसते किती छान." सहा महिन्यांनी परत दाखवायचं. मी चौकात कासीला खांद्यावर घेऊन नाचलो, फुगेवाल्याने आम्हाला एक फुगा फुकट दिला. (त्याचा भाऊ जत्रेत तलवार गिळायचा. म्हणजे गिळायचा असं म्हणतो तो.)

घरी आलो तर तमाल शिजेनात. एवढा मोठा हंडा, सकाळपासून वाफेवर, आणि पान उलगडलं की आत कच्चं पीठ. आमच्याकडे म्हणतात, चुलीपाशी कुणाच्या मनात राग नाहीतर डाचणारं काही असलं की तमाल शिजत नाहीत. दोन्या चेंचांनी मक्याची पानं फाडून हंड्याच्या कानांना गाठी बांधल्या. तरी नाही. मग मला हंड्याला शिव्या घालायला सांगितल्या. मी जत्रेतल्या घातल्या, पाण्यावरचा तवंग निघून जाईल अशा. तरी नाही.

"कुणाच्या मनात काय आहे?" ताई वैतागून म्हणाली. "माझ्या मनात काही नाही आता. दात राहिला. नेरेओ, तुझ्या?"

"माझं मन चाळणीसारखं आहे, काही राहत नाही."

दोन्या चेंचा एप्रनला हात पुसत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "नोएमी, आत ये. आणि तू रे, दार लाव. बाहेरून."

मी कासीला घेऊन अंगणात बसलो. आतलं नीट काही ऐकू आलं नाही. एकदा ताईचा आवाज चढला, मग मला वाटतं दोघी रडत होत्या, किंवा वाफ असेल. दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि हंड्यातले तमाल शिजले होते. खरं कारण मला माहीत आहे: सकाळी चुलीत ओलं लाकूड होतं, ते मी बाहेर जाता जाता बदललं होतं. पण म्हातारीच्या श्रद्धेला कशाला धक्का लावा?

ताई माझ्यापाशी आली. "नेरेओ, तुला उगाच बोलले मी. इतके दिवस."

"बाहुले माझेच होते, ताई."

"बाहुले तुझे होते," ती म्हणाली, आणि माझा कान पिरगाळला. प्रेमाने, पण पिरगाळलाच. "पुढच्या वर्षी प्लास्टिकचे. आणि पाव भाजल्यावर खालून घालायचे." हे मला आधी का सुचलं नाही? पुढच्या वर्षी मीच घालणार, इतर कुणाच्या हातात द्यायचं काम नाही. दोन रेगुलोला कळवायला हवं.

मग गल्ली जेवायला आली. मोलेच्या दाट मसालेदार रश्श्याचे, मिरचीचे, बेदाण्याचे गुलाबी तमाल. कासी आजीच्या शेजारी उंच खुर्चीवर. आज तिने पहिल्यांदा पुढच्या दातांनी चावून खाल्लं, तो धुरकट दात पिठात रुतला आणि स्वच्छ बाहेर आला. मी घास हातात धरून बघत बसलो होतो.

आणि मग तिने एक गंमत केली. गुलाबी तमालाचा तुकडा घेतला, त्यात एक बेदाणा खुपसला, अंगठ्याने वरून दाबून दाबून नीट केला, आणि हळूच आजीच्या ताटलीत सरकवला. ओठांवर बोट ठेवलं. "श्श!"

सगळी गल्ली हसली. मी सगळ्यात जास्त. "ही शिकते कुठून हे सगळं?"

"घरातच," ताई म्हणाली. ती हसत नव्हती, सासूबाईंकडे बघत होती.

दोन्या चेंचा लालबुंद झाल्या. मग तो तुकडा उचलून तोंडात घातला, चावला, आणि बेदाणा दोन बोटांत धरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी उभ्या राहिल्या.

"बघा सगळे!" त्या ओरडल्या. "मला मिळाला! बाहुला मला मिळाला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने सगळ्यात जोरात. कासीने तोंड उघडून आऽऽ केलं, मोडका कोपरा आणि सगळं दाखवत. एका बेदाण्याचा एवढा आनंद मी आजवर पाहिला नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मिळाला, म्हणून असेल.